एंडोमेट्रिओसिसमध्ये प्रतिकारशक्ती नेमकं काय करत असते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 29. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत एंडोमेट्रिओसिसचं निदान झालं आणि डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ, काढली. वर्षभर बरं होतं, आता पाळीच्या आधीपासूनच परत दुखायला लागलंय. रक्ततपासणीत थायरॉईडच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या, टीएसएच मात्र नॉर्मल आहे. एकानं सांगितलं, प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हे झालं, ती वाढवा. दुसऱ्यानं सांगितलं, हा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच शरीरावर हल्ला करण्याचा, आजार आहे, प्रतिकारशक्ती जास्त झालीय, स्टिरॉइड घेऊन ती दाबा. यातलं खरं काय आणि तुम्ही काय करावं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय लशींबद्दल आणि शेवटी नवीन संशोधनाबद्दलही विचारलंय.

प्रतिकारशक्ती एकतर कमी असते किंवा जास्त असते, असं या दोन्ही सल्ल्यांत धरून चाललंय. एंडोमेट्रिओसिसमध्ये तसं दिसत नाही. तुमचा खरा प्रश्न मला असा वाटतो: गर्भाशयाबाहेर भलत्या जागी वाढलेलं हे गर्भाशयाचं अस्तर माझ्या शरीरातल्या संरक्षक पेशी काढून का टाकत नाहीत, आणि माझ्या दुखण्यात त्यांचा वाटा किती? हे नीट कळलं की वाढवू की दाबू हा पेच राहत नाही. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. मूल कधी हवंय, सध्या कोणतं औषध चालू आहे, शस्त्रक्रियेत आजार कुठवर पसरलेला दिसला, आतड्यावर किंवा मूत्रवाहिनीजवळ काही होतं का, यावर उपचार ठरतात. ते ठरवण्यामागचा विचार मात्र मी सांगू शकते.

पाळीपासून सुरुवात करते. पाळीचं सगळंच रक्त खाली जात नाही. थोडं बीजवाहिन्यांतून उलटं वर जाऊन ओटीपोटाच्या पोकळीत पडतं, आणि त्यात गर्भाशयाच्या अस्तराच्या जिवंत पेशी असतात. याच पेशी पोकळीत रुजतात आणि आजार होतो, असं जॉन सॅम्पसन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1920 च्या दशकात मांडलं. पुढे 1984 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळीच्या दिवसांत लॅप्रोस्कोपी झालेल्या आणि बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या स्त्रियांपैकी 90 टक्के जणींच्या पोकळीत रक्त सापडलं होतं. म्हणजे हे उलटं जाणं जवळजवळ सगळ्यांच्याच बाबतीत घडतं, आणि एंडोमेट्रिओसिस मात्र जननक्षम वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांनाच होतो. बाकीच्यांच्या पोटात पडलेल्या त्या पेशी दर महिन्याला साफ होऊन जातात. ही साफसफाई पांढऱ्या पेशींची, म्हणून संशोधकांचं लक्ष प्रतिकारशक्तीकडे वळलं. (सॅम्पसन यांच्या सिद्धांतात सगळं बसत नाही हेही खरं. गर्भाशय जन्मतःच नसलेल्या मुलींमध्ये आणि अगदी क्वचित पुरुषांमध्येही हा आजार सापडलेला आहे. पण बहुतेक रुग्णांसाठी हा विचार उपयोगी पडतो.)

आता पोकळीत काय बिघडतं ते बघू. पहिल्या असतात नॅचरल किलर पेशी. ओळखीची नसलेली किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिला मारणं हे त्यांचं काम. 1991 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी दाखवलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांमध्ये या पेशींची मारक क्षमता कमी असते. पुढे त्याची कारणंही काही प्रमाणात उलगडली. या पेशींवर त्यांना थांबवणारे रिसेप्टर असतात, ते जास्त दिसतात. पोकळीतल्या द्रवात इंटरल्यूकिन-6 आणि टीजीएफ-बीटा यांसारखे रेणू वाढलेले असतात, तेही या पेशींना थंड करतात. किलर पेशी तिथे असतात, पण त्यांना आवर घातलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाच्या मला वाटतात त्या मॅक्रोफेज पेशी. मोठ्या, गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. तुमच्या शस्त्रक्रियेचा बायॉप्सी रिपोर्ट काढून बघा. ग्रंथी, स्ट्रोमा (ग्रंथींभोवतालची आधाराची ऊती) आणि बहुधा त्याच ओळीत ‘हिमोसिडरिन-लेडन मॅक्रोफेजेस’ असं लिहिलेलं असेल. रुग्ण या शब्दांना घाबरतात, म्हणून सांगते, त्याचा अर्थ सरळ आहे. त्या जागी महिन्यामागून महिने रक्त सांडलं, मॅक्रोफेजनी ते गिळलं, आणि रक्तातलं लोह तपकिरी कणांच्या रूपात त्यांच्या पोटात साठून राहिलं. म्हणजे या पेशी तुमच्या गाठीत हजर होत्या आणि कामही करत होत्या. आजार असलेल्या स्त्रियांच्या पोकळीतल्या द्रवात मॅक्रोफेजची संख्या उलट वाढलेलीच आढळते.

मग त्यांनी गाठ संपवली का नाही? मॅक्रोफेज दोन प्रकारची कामं करतात. जंतू आला की मारायचा, हे एक. आणि जखम झाली की ती भरून आणायची, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या आणायच्या, तंतू विणायचे, पेशींना वाढायला लावायचं, हे दुसरं. एंडोमेट्रिओसिसच्या जागी दर महिन्याला रक्तस्राव होतो, ऊती फाटते. शरीराला ती जखम वाटते, आणि आलेल्या मॅक्रोफेज हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात. मग गिळण्याची क्षमता मंदावते. पोकळीत वाढलेलं प्रोस्टाग्लँडिन ई2, म्हणजे दाह आणि वेदना वाढवणारं रसायन, ती आणखी कमी करतं. त्याच वेळी या पेशी व्हीईजीएफ सोडतात, त्यानं नवीन रक्तवाहिन्या फुटतात. ज्यांनी ती ऊती उचलून टाकायची, त्यांच्याकडूनच तिला खतपाणी मिळतं.

लॅप्रोस्कोपीच्या पडद्यावर हे अक्षरशः दिसतं. पोकळीच्या गुळगुळीत आवरणावर एखादा नवा, लालसर ठिपका असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं जमलेलं असतं. थोड्या अंतरावर जुना, निळसर काळा डाग, आणि त्याच्या कडेनं पांढरा, ताणलेला व्रण. आधी दाह, मग नव्या रक्तवाहिन्या, मग व्रण आणि चिकटणं. भरून येणाऱ्या जखमेचेच हे टप्पे आहेत, फक्त इथे जखम कधी पूर्ण भरत नाही, कारण पुढची पाळी तिला पुन्हा उघडते.

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची जोड मिळाली की हे चक्र पक्कं होतं. गर्भाशयातलं निरोगी अस्तर स्वतः इस्ट्रोजेन जवळजवळ बनवत नाही. एंडोमेट्रिओसिसच्या ऊतीत मात्र अरोमाटेज हे एन्झाइम असतं, त्यामुळे ती जागच्या जागी इस्ट्रोजेन तयार करते. त्या इस्ट्रोजेनमुळे कॉक्स-2 हे प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम वाढतं, कॉक्स-2 मुळे प्रोस्टाग्लँडिन ई2, आणि प्रोस्टाग्लँडिन ई2 पुन्हा अरोमाटेजला चालना देतं. एकदा फिरायला लागलं की हे चक्र बाहेरून फारसं काही न मिळता फिरत राहतं. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोननं खरं तर त्याला लगाम घालायला हवा, पण या ऊतीचा प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद कमी असतो. दाह आणि हार्मोन हे दोन वेगळे विषय आहेत असं धरून कुणी फक्त एकावर बोलत असेल, तर त्याला अर्धाच आजार दिसतोय.

दुखण्याचा भाग इथूनच निघतो. मॅक्रोफेज आणि गाठीतल्या पेशी मज्जातंतू वाढवणारे रेणूही सोडतात. बारीक नवे मज्जातंतू गाठीत शिरतात. त्यांच्या टोकांशी मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत ज्यांचं नाव आपण ऐकतो त्या, गोळा झालेल्या दिसतात. त्यांच्यातून बाहेर पडणारी रसायनं मज्जातंतूंना चेतवतात, आणि चेतलेले मज्जातंतू स्वतःच दाह वाढवणारे पदार्थ सोडतात. त्यामुळे चार छोटे ठिपके असलेली मुलगी दर महिन्याला अंथरुणाला खिळते आणि मोठी सिस्ट असलेल्या बाईला काहीच जाणवत नाही, असं सर्रास होतं. तुमच्या सोनोग्राफीत ‘फारसं काही नाही’ असं आलं असेल तर त्याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा कुणी काढू देऊ नका. दुखणं बरीच वर्षं चाललं की मेंदू आणि मज्जारज्जूही वेदनेला जास्त संवेदनशील होतात. मग पाळी नसतानाही दुखतं आणि फक्त गाठ काढून ते पूर्ण जात नाही. अशा वेळी ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधं यांचा विचार करावा लागतो.

आता एक प्रामाणिक अडचण. प्रतिकारशक्ती आधी बिघडली म्हणून आजार झाला, की आजारामुळे ती बिघडली? माकडांवरच्या प्रयोगांतून दोन्ही बाजूंना थोडा थोडा आधार मिळतो. बबून माकडांच्या पोकळीत मुद्दाम अस्तराच्या पेशी सोडल्यावर त्यांच्या रोगप्रतिकारक पेशींत बदल झालेले दिसले, म्हणजे निदान काही बदल तरी आजाराच्या मागून येतात. जनुकांचा वाटाही मोठा आहे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासात या आजाराच्या शक्यतेतला जवळपास अर्धा भाग आनुवंशिक निघाला. माझं मत असं की बहुतेक जणींमध्ये सुरुवातीचा कल जन्मजात असतो आणि पुढचा बिघाड आजार स्वतःच वाढवत नेतो. म्हणून ‘मी काय चुकीचं केलं’ हा प्रश्न मनातून काढून टाका. तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

मग हा ऑटोइम्यून आजार आहे का? ल्युपस किंवा संधिवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्या ऊतीला परकी समजून नष्ट करते. एंडोमेट्रिओसिसमध्ये ऊती टिकते, वाढते, आणि प्रतिकारशक्ती तिला सांभाळून घेते. चित्र जवळजवळ उलटं आहे. काही रुग्णांच्या रक्तात अस्तराविरुद्ध किंवा पेशीकेंद्राविरुद्ध अँटिबॉडी सापडतात हे खरं, पण त्यांनीच आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे मी याला ऑटोइम्यून आजार म्हणत नाही. इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा, दीर्घकाळ दाह असलेला आजार, असं रुग्णांना सांगते.

ऑटोइम्यून आजारांशी याचं नातं मात्र आहे. 2025 मध्ये ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या लाखो लोकांच्या आरोग्यनोंदींच्या संग्रहातल्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांमध्ये संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सीलिॲक आजार, सोरायसिस यांसारख्या आजारांचा धोका 30 ते 80 टक्क्यांनी जास्त आढळला. हा आकडा वाचून धसका घेऊ नका. तो तुलनेतला वाढीव धोका आहे. मुळात यातले बहुतेक आजार कमी जणांना होतात, त्यामुळे वाढ धरूनही बहुसंख्य रुग्णांना ते होत नाहीत. मी याचा उपयोग एवढाच करते: सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील, पोट कायम बिघडलेलं असेल आणि सोबत ॲनिमिया असेल, किंवा त्वचेवर खवले येत असतील, तर सगळं एंडोमेट्रिओसिसच्या नावावर ढकलायचं नाही, वेगळी तपासणी करायची.

तुमच्या थायरॉईड अँटिबॉडीचंही तसंच. त्या निरोगी स्त्रियांमध्येही बऱ्याचदा सापडतात. टीएसएच नॉर्मल असेल तर फक्त अँटिबॉडीसाठी औषध लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच करा, आणि गर्भधारणेचा विचार सुरू केला की आधी आणि दिवस गेल्यावर लगेच पुन्हा करा.

आता ‘वाढवा’ या सल्ल्याकडे येते. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणणारी गोळी किंवा पावडर नेमकं काय वाढवणार? पोकळीत मॅक्रोफेज आधीच भरपूर आहेत आणि दाह तर जास्तच आहे. किलर पेशींवरचा आवर काढेल आणि मॅक्रोफेजना दुरुस्तीकडून साफसफाईकडे वळवेल असं कोणतंही टॉनिक आज नाही. चांगली झोप आणि जमेल तेवढा व्यायाम यांनी वेदना सोसणं सोपं होतं, ते जरूर करा. पण त्यांनी गाठ विरघळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

‘दाबा’ हा सल्ला तर करूनही पाहिला गेला आहे. टीएनएफ-अल्फा हा दाहाचा एक प्रमुख रेणू. तो अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध संधिवातात चांगलं काम करतं. खोलवर पसरलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये ते देऊन पाहिलं, त्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. खोट्या औषधाच्या तुलनेत दुखण्यात फरक पडला नाही. एकच रेणू अडवून हे चक्र थांबत नाही, असं मला त्यातून वाटतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांना तर या आजारात आधारच नाही, आणि त्या महिनोन्महिने घेतल्या तर हाडं, साखर, रक्तदाब यांचं नुकसान होतं. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी तुमच्या डॉक्टरांनी त्या दिल्या असतील तर गोष्ट वेगळी, त्या आपल्या मनानं बंद करू नका.

मूल हवंय म्हटलं की आणखी एक गोष्ट समोर येते, म्हणून आताच सांगून ठेवते. रक्तातल्या किंवा गर्भाशयातल्या किलर पेशी मोजायच्या आणि मग इंट्रालिपिड (शिरेतून दिलं जाणारं स्निग्ध द्रावण), इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) किंवा स्टिरॉइड द्यायचं, असे पॅकेज सुचवले जातात. गर्भधारणा वाढते याचा भरवशाचा पुरावा त्यामागे नाही. पोकळीतल्या दाहाचा स्त्रीबीजावर आणि शुक्राणूंवर परिणाम होतो हे खरं आहे, पण त्यावरचा उपाय या तपासण्यांतून निघत नाही. वय, अंडाशयातला साठा, बीजवाहिन्या आणि जोडीदाराची वीर्यतपासणी या चार गोष्टी आधी बघायच्या.

मग काम कशानं होतं? ते चक्र जिथे तोडता येतं तिथे तोडायचं. मॅक्रोफेजना दर महिन्याला नवी जखम मिळू नये आणि ऊतीला इस्ट्रोजेन मिळू नये, हे हार्मोनच्या औषधांनी साधतं. डायनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) 2 मिलिग्रॅम रोज, किंवा मध्ये खंड न पाडता घेतलेल्या कॉम्बाइंड (दोन्ही हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक) गोळ्या, किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं, गर्भाशयात बसवायचं आययूडी. यांना ‘फक्त हार्मोनच्या गोळ्या’ म्हणून कमी लेखलं जातं. पाळी थांबली की रक्त सांडत नाही, लोह साठत नाही, प्रोस्टाग्लँडिन उतरतं. प्रतिकारशक्तीवरचा आज आपल्या हातात असलेला सगळ्यात चांगला उपचार मी यालाच मानते. कॉम्बाइंड गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. ऑरा असलेली मायग्रेन (डोकेदुखीआधी डोळ्यांसमोर चमकणं वगैरे) किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर आधी सांगा. डायनोजेस्टवर पहिले काही महिने अधूनमधून थोडं रक्त जातं, काहींचा मूड उतरतो. मूड खूप उतरला तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा, औषध बदलता येतं.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला खटकली. शस्त्रक्रियेनंतर कोणतं हार्मोनचं औषध चालू होतं, याचा उल्लेखच नाही. शस्त्रक्रिया साठलेला आजार काढते, पण तो तयार करणारं वातावरण तसंच राहतं. लगेच मूल नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर निदान 18 ते 24 महिने हार्मोनचा उपचार चालू ठेवावा, असं युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्यानं पाळीतलं दुखणं परत येण्याचं प्रमाण कमी होतं. तुमचा हा उपचार झालाच नसेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी तो करून बघायला हवा. अंडाशयावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली की स्त्रीबीजांचा साठा घटतो, आणि 29 व्या वर्षी तो जपणं महत्त्वाचं आहे.

वेदनाशामकांबद्दल एवढंच: आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात. दुखणं शिगेला पोचल्यावर घेतली तर तोवर ते तयार होऊन गेलेलं असतं. दुखण्याची चाहूल लागताच, खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

नवीन संशोधनाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. 2023 मध्ये जपानमधून दोन वेगळी कामं आली. एकात इंटरल्यूकिन-8 अडवणारी अँटिबॉडी माकडांना दिल्यावर गाठी आणि चिकटणं कमी झालं. दुसरं नागोयाचं. तिथे फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू एंडोमेट्रिओसिस असलेल्या 64 टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात सापडला, आजार नसलेल्यांमध्ये 10 टक्क्यांहून कमी जणींमध्ये, आणि उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर गाठी घटल्या. दोन्ही कामांबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. पण यावरून स्वतः अँटिबायोटिकचा कोर्स करू नका. उंदरांपासून रुग्णांपर्यंत बरंच अंतर असतं.

लशींबद्दलची शंकाही दूर करते. एंडोमेट्रिओसिसमुळे तुमची प्रतिकारशक्ती एकूणात दुबळी झालेली नाही, बदल मुख्यतः ओटीपोटात आहेत. नेहमीच्या लशी इतरांसारख्याच घ्या. गर्भधारणेआधी रुबेला लशीबद्दल विचारून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना शस्त्रक्रियेच्या नोंदी, बायॉप्सी रिपोर्ट आणि तीन महिन्यांची दुखण्याची नोंदवही सोबत न्या. कोणत्या दिवशी, कुठे, शौचाला किंवा लघवीला जाताना की संबंधाच्या वेळी, असं लिहा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: मला सलग हार्मोनचा उपचार का नको किंवा कोणता हवा, नव्यानं सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आतडं आणि मूत्रवाहिनी पाहायची गरज आहे का, आणि मूल हवं असेल तर एएमएच (अंडाशयातल्या स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आता करायची का. डायनोजेस्ट चालू असताना बहुतेकींचं स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्यामुळे गर्भधारणेचा प्रयत्न आणि हा उपचार एकत्र चालत नाहीत. कधी काय हे आधी ठरवून घ्या. पाळीच्या दिवसांत शौचातून किंवा लघवीतून रक्त जात असेल, कुशीत सतत दुखत असेल, किंवा ओटीपोटात अचानक जोराची कळ येऊन ताप आला, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.